आक्का, घट एकच असतो ना?

आक्का,

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत आहे. तेराव्यापर्यंत मी ती पाळली. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं की आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे देवमाणूस, कधी कुणाला वरच्या पट्टीत बोलल्या नाहीत. तुमचा आवाज शिवेपर्यंत जायचा हे त्या सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांनी माना डोलावल्या. आता तेरावं झालं, पाहुणे पांगले. आज नवरात्राची आठवी माळ. तुमच्याच घरात, देव्हाऱ्यासमोर, तुम्ही बसायचात त्या पाटावर मुद्दाम बसून हे लिहिते आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच माझं पूर्ण ऐकून घेणार आहात.

भांडण जुनंच आहे, घटाचं. दोघा भावांची वाटणी झाली, वावरात बांध पडला, चुली वेगळ्या झाल्या. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, गावातली शेती धरली. आम्ही नगरला सावेडीत राहायला गेलो आणि मी ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. भांडीसुद्धा मोजून वाटली गेली. तुमच्या माहेरच्या पातेल्यावर आपल्या सासूबाईंचं नाव निघालं म्हणून तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. सगळं वाटलं, फक्त घट तेवढा वाटला गेला नाही. घट थोरल्या घरी, तुमच्या घरी. धाकट्यांनी नवरात्रात तिथे यायचं, हात जोडायचे आणि तुम्ही सांगाल ते करायचं.

आणि तुम्ही काय कमी सांगायचात? माती आदल्या दिवशी आणायची, तीही बांधावर उभं राहून, एक ओंजळ तुमच्या वावरातली, एक आमच्या. चाळून, कालवून पत्रावळीवर पसरायची. सात धान्यं पेरायची, मधोमध मातीचा घट ठेवायचा, त्यावर नारळ. पाणी रोज एकाच हाताचं. दिवा विझता कामा नये. वरून रोज एक माळ सोडायची, पहिली तरवडाच्याच फुलांची, झेंडू नंतर. घरात कुणी गादीवर झोपायचं नाही, पायात चपला घालायच्या नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम, एकदा बसवलेला घट हलवायचा नाही. माझी मुलगी लहान असताना तिने नुसतं बोट लावलं पत्रावळीला, तर तुम्ही तिच्या हातावर सपकन चापट मारली होती. पोरगी रडली, मी तोंड फुगवलं, आणि मग तुम्ही तिला मांडीवर घेऊन भरवलेला राजगिऱ्याचा लाडू मी अजून विसरले नाही. चापट पण विसरले नाही.

धान वर आलं की तुमची थट्टा सुरू व्हायची. "ही बाजू धाकटीची. बघा कशी खुरटी आली." कालवलेल्या मातीत बाजू कुठली आली? पण तुम्हाला ती दिसायची.

माझी मागणी काही जगावेगळी नव्हती. नवरात्राचे नऊ रंग निघाले आणि माझं दुकान उभं राहिलं. एरवी राखाडी ब्लाउजला कोण विचारतं? आता नगरमधल्या बँकेतल्या, शाळेतल्या, भिशीतल्या बायका पंधरा दिवस आधी राखाडी, मोरपंखी, जांभळं कापड घेऊन दारात. ऐन नवरात्रात दुकान बंद करून गावी येऊन बसणं मला कसं जमणार? म्हणून मी म्हटलं, आक्का, एक लहानसा घट मला सावेडीत मांडू द्या. गावातली माती घेऊन जाईन, तुमच्या पद्धतीने करीन. तुम्ही आधी रंगांवरून मला सोललंत. आईनं राखाडी लुगडं मागितलं व्हय, का पेपरवाल्याच्या सपनात येऊन सांगितलं, असं विचारलंत. मग एकदम करड्या आवाजात म्हणालात, "वावराची वाटनी झाली, सुमन. आईची न्हाई झाली. घट एकच आसतो."

हे वाक्य मी किती वर्षं ऐकलं याचा हिशेब नाही. मी दर वर्षी विचारायचे, तुम्ही दर वर्षी तेच सांगायचात. मध्ये एक वर्ष मी रागाने आलेच नाही, तर तुम्ही एसटीच्या कंडक्टरजवळ कडाकण्यांचा डबा पाठवलात. वर निरोप, फुलोऱ्याला टांगलेल्या आहेत, टाकू नको. टाकते कशाला? उभ्या उभ्या खाल्ल्या आणि तुम्हाला शिव्या दिल्या.

गेल्या वर्षी आपण दोघी इथेच माळ ओवत बसलो होतो. माझं डोकं फिरलेलं होतं, कारण सकाळीच तुम्ही परत 'एकच' म्हणाला होतात. मी म्हटलं, आक्का, हे सगळं बी तपासणं आहे. रब्बी तोंडावर आलेली असते. आपली माती कशी आहे, घरातलं बियाणं उगवतं की नाही, हे नऊ दिवसांत घरबसल्या कळतं. जुन्या माणसांनी शहाणपणाने काढलेली गोष्ट, आपण तिचा देव केला. तुम्ही हसलात. बी तपासायचं तर ताटलीत तपास, म्हणालात, ह्यात आई बसती.

"आणि नाही उगवलं तर?" मी विचारलं. "आई उठून गेली म्हणायचं का?"

तुमच्या हातातली सुई थांबली. "तसं आपल्यात हुत न्हाई," एवढंच बोललात आणि उठून चुलीकडे गेलात. मी जिंकले असं वाटून त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. तो वाद तिथेच राहिला. पुढच्या नवरात्रात परत काढू, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं.

यंदा गणपती उठले आणि पाठोपाठ तुम्ही गेलात. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. सकाळी गोठ्यातून आलेली बाई दुपारी नाही, यावर काय लिहायचं? सगळ्या पितृपंधरवड्यावर तुमचंच सावट. आणि तेराव्याचं जेवण उरकून माणसं पानसुपारीला बसली, तेव्हा भावकीतल्या तात्यांनी विषय काढला. दोन दिवसांवर घट आले, आता बसवणार कोण?

तुमच्या लेकाला, विजूला, पुण्याहून आल्यापासून एकच घाई, परत जायची. तो म्हणाला, वर्षभर सण करायचे नसतात ना, यंदा राहू द्या. तात्या म्हणाले, सण वेगळा आणि कुळाचार वेगळा, सुतक फिटलं की घट बसलाच पाहिजे. विजू म्हणाला, मग हवं तर पुण्यातून किट पाठवतो, त्यात माती, बियाणं, पत्रावळ सगळं येतं. माती पाकिटातून येते हे ऐकून तात्या त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी निकाल दिला. सुवासिनीशिवाय घट बसत नाही. विजूचं लग्न व्हायचंय, दादांच्या घरी आता सुवासिनी नाही. तेव्हा देवांचे टाक आणि घट धाकट्यांनी नगरला न्यावेत.

आमचे हे माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "तुला हवाच होता ना."

आक्का, नवऱ्यावर इतका राग मला आयुष्यात आला नसेल. हवा होता, पण असा हवा होता? मी दादांकडे पाहिलं. भिंतीला टेकून बसले होते. एवढा मोठा माणूस, तात्यांच्या शब्दाला 'व्हय' नाही की 'न्हाई' नाही. बायको गेली, आता तिच्या मागे देव पण निघाला घरातून, आणि हा माणूस नवरात्राचे नऊ दिवस रिकाम्या देव्हाऱ्यासमोर बसणार. मला तिथेच ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? तुमच्यावर. देव थोरल्या घरी हा नियम तुमचा. घट सुवासिनीच्या हातचा हाही तुमचाच. हे दोन नियम एकमेकांना आडवे आले तर कुठला पाळायचा, हे मात्र सांगून गेला नाहीत. चपलेपासून तरवडापर्यंत सगळ्याला तुमच्याकडे कायदा होता, आणि जिथे खरी गरज पडली तिथे काहीच नाही.

मग मीच ठरवलं. म्हटलं, सुवासिनी मी आहे ना? मी इथे येऊन बसवते. घट इथेच राहील. तात्यांनी विचारलं, रोजचं पाणी? म्हटलं, दादा घालतील. तात्या म्हणाले, गडीमाणूस? मी म्हटलं, उसाला पाणी गडीमाणूसच घालतो ना? तेव्हा दादांनी पहिल्यांदा मान वर केली.

पहिल्या माळेला मी पहाटेच्या गाडीने आले. दादांनी आदल्या दिवशीच बांधावरून दोन्ही बाजूंची माती आणून ठेवली होती, बाकी तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. आणि दादांना नीट समजावलं. घट मातीचा आहे, त्यातून पाणी पाझरतं, तेवढं जवळजवळ पुरतं. वरून फक्त बोटांनी शिंपडायचं. त्यांनी लहान मुलासारखं ऐकलं. मी संध्याकाळी नगरला परत गेले, कारण पिवळे ब्लाउज द्यायचे होते.

त्यानंतर दादांचे फोन. माती वरून कोरडी दिसती. दिवा फडफडतोय. आज कोनती माळ, झेंडू चालंल का? आयुष्यभर ज्या माणसाने मला फोनवर 'बरंय ना' एवढंच विचारलं, तो आता तीन तीन वेळा फोन करत होता. मला मशीन थांबवून बोलावं लागायचं. सुरुवातीला मी वैतागले. मग लक्षात आलं की त्यांना घटाचं काही विचारायचंच नाही. त्या घरात बोलायला कुणी नव्हतं.

पाचव्या माळेला मी आले. दारातच वास आला, आंबूस. पत्रावळीवर चिखल झाला होता, वर पांढरी बुरशी, दाणे फुगून फुटलेले. एक कोंब नाही. "दादा, पाणी किती घातलंत?" तर म्हणाले, जाता येता घालत हुतो. ऊसवाला माणूस. कालव्याला पाणी सुटलं की सऱ्या तुडुंब भरेपर्यंत बांधावरून हलायचं नाही, ही त्यांची सवय. तेच त्यांनी तुमच्या घटाला केलं. जरा आठवण आली की तांब्या घेऊन देव्हाऱ्यापाशी. आणि आठवण त्यांना दिवसभर येत होती.

मी डोक्याला हात लावून बसले. गावात काय बोलतील ते मला ऐकू येऊ लागलं. बायको गेली आणि आईपण रुसली. तात्या तर म्हणणारच, सांगितलं होतं. पण दादा अगदी शांत. म्हणाले, "आसू दे. दुसरा आन की."

मला वाटलं त्यांना कळलं नाही. "कुठला दुसरा?"

"कोठीमागचा. तू मांडला आसशील ना?"

"कोठीमागचा म्हणजे?"

"दर साली दोन मांडायची की ती. एक हितं, एक कोठीमागं झाकून. चवथ्या-पाचव्या माळंला बगायची. ज्येचं धान बरं, त्यो फुडं. मला वाटलं बायका आशाच मांडत्यात."

मी उठून मागच्या खोलीत गेले. धान्याच्या कोठीमागे भिंतीलगत जमिनीवर मातीचा गोल डाग, वर्षानुवर्षांचा. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून ती खोली झाडते आहे. फक्त नवरात्रात तुम्ही मला तिथे झाडू द्यायचा नाहीत. उंदराचं औषध ठेवलंय, म्हणायचात.

घट एकच असतो. इतकी वर्षं, आक्का. इतकी वर्षं तुम्ही मला दुसरा घट मांडू दिला नाहीत, आणि तुमच्या कोठीमागे दुसरा होता. एकदा बसवलेला घट हलवायचा नाही, म्हणून माझ्या पोरीला मारलंत, आणि स्वतः पहाटे उठून पत्रावळीच्या पत्रावळी बदलत होतात. धान्य अंधारात ठेवलं की उंच आणि पिवळंधमक येतं, म्हणजे बहुतेक वर्षी पुढे मागचाच येत असणार. धाकटीची बाजू खुरटी म्हणून मला चिडवायचात ती बाजूसुद्धा कोठीमागून आलेली!

मग मला एक वर्ष आठवलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "दादा, यांच्या ऑपरेशनच्या वर्षी?"

"त्या साली हितल्याला मुंग्या लागल्या हुत्या. पार खाल्लं हुतं. तू येनार म्हनून सकाळीच बदलला तिनं."

तुम्हाला ते वर्ष आठवत असेल. हे नगरच्या दवाखान्यात, डॉक्टर म्हणत होते इथे करू, पाहुणे म्हणत होते पुण्याला न्या, आणि निर्णय घ्यायला मी एकटी. तुम्ही निरोप पाठवलात, तू उपास धरू नको, तुला धावपळ हाय, तुज्या वाटचा मी धरते. चौथ्या माळेला मी कशीबशी तासाभरासाठी आले. घट असा काही आला होता की नजर ठरत नव्हती. तुम्ही मला समोर बसवून म्हणालात, बघ, आई हसली. आक्का, बी तपासणं आहे म्हणणारी मीच. पण त्या दिवशी मी ते पिवळंधमक धान बघितलं, पदराने डोळे पुसले आणि परत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, इथेच करा. हे वाचले. मी कुणाला कधी कबूल केलं नाही, पण तेवढ्या एका घटाने मला उभं केलं होतं. आणि तो कोठीमागचा होता.

काय म्हणू मी तुम्हाला? फसवलंत म्हणू, की वाचवलंत म्हणू? तीन दिवस झाले, मला ठरवता येत नाही आणि त्याचाच जास्त संताप येतो आहे. खोटं बोललात याचा राग आधी आला, नंतर तोही गेला. दुसराच राग राहिला. दर वर्षी पहिल्या माळेपासून तुम्ही भीत होतात. उगवलं नाही तर, घरादाराचं काय होईल, लोक काय म्हणतील, आईने तोंड फिरवलं तर. ती भीती तुम्ही कोठीमागे झाकून ठेवलीत आणि आम्हाला नुसता दरारा दाखवलात. मी विचारलं होतं ना, नाही उगवलं तर? तेव्हा सांगायचं होतंत. म्हणायचं होतंत, सुमन, मला पण भ्या वाटतं. मी हसले नसते. कदाचित हसले असते, पण मग दोघी मिळून मांडले असते दोन. जमीन वाटली, पातेली वाटली, ही एक गोष्ट निम्मी द्यायची होती मला.

त्या दुपारी मी नासलेली माती काढायला घेतली, दार सताड उघडं टाकून. तात्यांच्या पत्नी, काकू, शेजारून आल्या, आत पाहिलं आणि आधी दार लोटून घेतलं. मला जवळ ओढलं. "आगं, बोभाटा करू नको. माज्याकडचा घिऊन जा."

"तुमच्याकडचा कुठला?"

"न्हानीवरच्या माळ्यावर हाय झाकलेला. यंदा म्होरचा चांगला आलाय, त्यो लागनार न्हाई मला."

तात्यांना माहीत आहे का, विचारलं. त्येंला कशाला म्हाईत पायजे, म्हणाल्या. आणि आक्काला? काकू घाबरल्यासारख्या झाल्या. न्हाई बाई, तिला कळलं आसतं तर तिनं गावात ठेवली आसती का मला?

मग मात्र मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. मधे एक भिंत. भिंतीच्या या बाजूला तुमचा, त्या बाजूला त्यांचा. दोघी एकमेकींच्या धाकाने जन्मभर झाकत राहिलात. प्रत्येक नवरात्रात एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाऊन एकमेकींच्या घटाचं कौतुक करत होतात. गल्लीत अजून किती कोठ्यांमागे काय काय आहे, देवच जाणे.

काकूंचा घट मी घेतला नाही. चांगल्या मनाने देत होत्या, पण तो घेतला असता तर मी तुमच्यासारखीच झाले असते. दार परत उघडलं. दादांना म्हटलं, बांधावरून माती आणा, दोन्ही बाजूंची. घरातले गहू धुऊन भिजत घातले. नगरच्या बायकांना फोन करून सांगितलं की राहिलेल्या रंगांचे ब्लाउज उशिरा मिळतील. मोरपंखीवालीने मला बरंच ऐकवलं, सणासुदीला असं करतात का म्हणाली. ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गव्हाला बारीक मोड आले. अंगणात बसून पत्रावळीवर माती पसरत होते, तेवढ्यात तात्या आले. काठी टेकून उभे राहिले. "मदीच कुटं घट पेरत्यात व्हय?"

"पेरतात, तात्या," मी म्हटलं. "गेल्या आषाढात तुमची बाजरी उगवली नाही, तेव्हा तुम्ही काय केलं? दुबार पेरलीत ना? की आई रुसली म्हणून रान पडीक ठेवलंत?"

तात्यांनी मागे वळून पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या. तात्यांना वाटलं त्या आपल्या बाजूने बोलतील. काकू पदर सावरत म्हणाल्या, बरोबर हाय तिचं. तात्या काठी टेकत निघून गेले. त्या एका वाक्याची काय किंमत मोजावी लागणार, ते काकूंना घरी गेल्यावरच कळलं असेल. पण संध्याकाळच्या आरतीला तात्या आले, आणि मातीने भरलेल्या, एकही हिरवं पान नसलेल्या त्या घटापुढे हात जोडून उभे राहिले.

तुम्ही म्हणाल, सुमनने नाक कापलं घराचं. म्हणा. मला एवढंच कळलं की बीज उगवलं म्हणून आई बसत नाही, आणि नाही उगवलं म्हणून उठत नाही. घरातलं माणूस गेलं तरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी उठून माती चाळतं, परत पेरतं, तिथे ती बसत असावी. तुम्ही इतकी वर्षं दोन घट पेरलेत, म्हणजे तुम्हालाही हे माहीत होतं. फक्त उघड्यावर करायचा धीर नव्हता. तो मला कुठून आला? तुमच्याशी भांडून भांडूनच आला असणार, आणखी कुठून येणार?

म्हणून आज आठव्या माळेला तुमच्या पाटावर बसले आहे. कोंब बोटाच्या पेराएवढे आलेत, बारीक, मध्ये मध्ये टक्कल पडल्यासारखी जागा सुटलेली. परवा दसरा. दादांच्या टोपीत खोवायला ते पुरतील की नाही, शंकाच आहे. काकूंनी येऊन पाहिलं आणि छान आलंय म्हणाल्या. तुम्ही असतात तर कुठली बाजू धाकटीची ते लगेच दाखवलं असतंत.

मघाशी दादा भगर खायला बसले होते. खाता खाता थांबले. माझ्याकडे न बघता विचारलं, "फुडच्या साली दोन मांडायचे का?"

मी विचार केला नाही. "दोन मांडू दादा. पण दोन्ही देवापुढे."

त्यांनी ताटातली भगर बोटाने एकीकडे सारली. मग म्हणाले, "तिला चाललं आसतं का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "नसतं चाललं. भांडल्या असत्या."

"व्हय," ते म्हणाले. "लई भांडली आसती."

आणि आक्का, तेव्हा ते रडले. तुम्हाला नेलं तेव्हा नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. आता, भगरीच्या ताटावर, उपरण्यात तोंड खुपसून. मी त्यांना रडू दिलं. काही सुचेना म्हणून उठले आणि दिव्यात तेल घातलं. तेल जरा जास्तच पडलं, खाली ओघळ आला. मागून कुणी ओरडलं नाही.